खिशात हात घालणारा पंच

मैदानात हाणामारी सुरू झाली की आमचे मुंजाजी सर आधी दोन्ही हात पँटच्या खिशात घालतात. कबड्डीचा पंच, तोंडात शिट्टी, समोर दोन पैलवान गडी एकमेकांच्या उरावर बसलेले, आणि हे पानटपरीवर पान लागायची वाट बघावी तसे उभे! खिसेसुद्धा शिंप्याकडून मुद्दाम खोल शिवून घेतलेले.

उजवा हात निघतो तो फक्त कार्ड दाखवायला. एकदा एका गड्याचं तोंड मातीत दाबलं गेलं होतं. सर वाकले, त्याच्या डोळ्यांसमोर लाल कार्ड धरलं, म्हणाले, "सात नंबर, बाहेर!" तो बिचारा बाहेर जाणार कसा? त्याच्या पाठीवर चार नंबर बसला होता.

मी शेजारच्या शाळेत मास्तर. सामन्यात गुण लिहायला बसतो, त्यामुळे हा तमाशा मला अगदी जवळून बघावा लागतो.

"सर, धरा की एखाद्याला!" मी ओरडायचो.

"काहून धरू? पंचाचं काम शिट्टीचं. हात लावायचं न्हाई. बराबर हाय का न्हाई?"

त्यांच्या 'बराबर'चा मला संताप यायचा. अशा पंचापेक्षा बुजगावणं परवडलं, त्याला निदान पाखरं तरी भितात. त्यांची बायको तर माझ्या एक पाऊल पुढं. "आवं, दारात बकऱ्या टकरा घेऊन राहिल्या तरी ह्ये शिट्टीच वाजवतेत," म्हणाली. मी हे साऱ्या स्टाफरूमला सांगितलं. भित्रा माणूस नियमाच्या आड लपतो, हे माझं ठाम मत होतं, आणि ते मी कुणालाही फुकट देत असे.

गेल्या हिवाळ्यात हट्टा गावी सामने होते. गजू नावाचं एक उमदं पोरगं चढाईला गेलं. त्याची पकड झाली, कुणीतरी मुद्दाम पाय मुरगाळला आणि जुंपली. सरांनी शिट्टी फुंकली, हात खिशात घातले. माझं डोकं फिरलं. वही टाकून मी धावलो आणि गजूला मागून दोन्ही दंडांसकट कवेत आवळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचाला जमलं नाही ते मास्तरानं करून दाखवलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात समोरच्यानं गजूच्या तोंडावर ठोसा हाणला. गजूला हात वर करता आला नाही. त्याचे दोन्ही हात मी धरले होते. पुढचे दोन दात तिथंच मातीत पडले.

गडी आपोआप मागं सरकले. सर आले, गजूचं डोकं मांडीवर घेतलं, रुमाल तोंडाला लावला आणि जीपमध्ये त्याला लेकरासारखं धरून बसले. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

दवाखान्यात गजूला आत नेलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर. शेवटी मीच म्हणालो, "सर, मी चांगल्यासाठीच धरलं हो."

"व्हय. मी बी चांगल्यासाठीच धरलं होतं."

"कुणाला?"

"धाकट्या भावाला. तो खेळून राहिला होता, मी पंच. भांडण झालं. परक्याच्या लेकराला कसा हात लावावा, म्हणून आपल्यालाच आवळलं. समोरच्यानं कानावर हाणली. डावा कान गेला तो गेलाच."

वर्षानुवर्षं या माणसाची टिंगल केली होती, त्याची लाज वाटली.

"सांजच्याला आमी दोघं ओट्यावर बसतो," सर म्हणाले. "मी त्याच्या डाव्या अंगाला. रोज हळूच म्हणतो, 'चुकलं रे माझं.'"

"मग तो काय म्हणतो?"

"त्याला त्या बाजूनं ऐकू येत न्हाई." सर जमिनीकडं बघत राहिले. "उजवीकडून म्हणायची हिंमत न्हाई झाली आजवर."

आतून गजूचं कण्हणं ऐकू आलं. त्याचे दोन्ही कान शाबूत होते. मी उठलो आणि आत गेलो.