गोधडीच्या पोटातली भाकरी

एका जंगलात, बाळांनो, थंडी फार पडायची. आणि नेमका थंडीतच तिथे कला महोत्सव भरायचा. दोन्हींपासून कोणाची सुटका नव्हती.

त्या जंगलात साळूबाई नावाची साळिंदर राहायची. ती गोधड्या शिवायची. सुयांची तिला ददात नव्हती. पाठीवरचा एक काटा उपटला की झालं. कापड ज्याचं त्याने आणायचं. कोणी सापाची कात आणे, कोणी गावच्या कुंपणाला अडकलेला लुगड्याचा पदर. माकडांनी तर एका शिकाऱ्याची अर्धी विजार आणली होती. उरलेली अर्धी घेऊन तो पळाला होता.

साळूबाईची एक रीत होती. शेवटची कड शिवण्याआधी ती गोधडीत भाकरीचा तुकडा ठेवायची.

"गोधडी उपाशी ठेवू नये," ती म्हणायची. "उपाशी गोधडीला ऊब येत नाही."

तिची आईही असंच करायची. का, ते तिने विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

त्या वर्षी चिमाबाई उंदरिणीला सात पिल्लं झाली. गुलाबी, उघडीवाघडी, अंगावर केस म्हणून नाही.

"साळूआक्का, थंडीच्या आत गोधडी होईल ना गं? नाहीतर माझी पिल्लं वाचायची नाहीत."

साळूबाईने हातातली सगळी कामं बाजूला सारली. आठव्या दिवशी गोधडी होत आली. एक कड तेवढी राहिली होती, चिमाबाई न्यायला येऊन बसली होती, तोच दारात तरसराव उभे राहिले. तरसराव म्हणजे महोत्सवाचे चिटणीस.

"वा! ही आपण भिंतीवर लावू."

"ती पांघरायची आहे," साळूबाई म्हणाली.

"कला पांघरायची नसते, बाई. बघायची असते."

"मग परत कधी मिळेल?" चिमाबाईने विचारलं.

"होळीला."

"होळीला थंडी कुठे असते हो?" ती रडकुंडीला आली.

"बघा, म्हणजे तोवर गरजही उरणार नाही," तरसराव समजुतीने म्हणाले आणि त्यांनी महाराजांचा पंजा उमटवलेला हुकूम पुढे केला.

साळूबाईच्या पाठीवरचे काटे उभे राहिले. पण सिंहाच्या पंजापुढे काटे काय करणार?

"कड शिवून देते," ती म्हणाली. तिने आत तुकड्याऐवजी अख्खी भाकरी ठेवली. कडेचे टाके मुद्दाम सैल घातले. मग चिमाबाईकडे एकदा बघितलं. चिमाबाईचं नाक हललं.

गोधडी महोत्सवाच्या गुहेत टांगली गेली. खाली पाटी लागली : 'हात लावू नये.' दातांबद्दल पाटीवर काही नव्हतं. दुपारी कार्यकर्ते जेवायला गेले तशी चिमाबाई आली. एकेक पिल्लू तोंडात धरून तिने सात खेपा केल्या, सैल टाक्यांतून आत शिरली आणि भाकरीला लागली. भुकेच्या भरात दात जरा पुढे गेले. गोधडीच्या मधोमध वाटीएवढं भोक पडलं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. महाराजांनी फीत कापली आणि ते गोधडीपुढे थबकले.

"हे काय?"

तरसरावांना घाम फुटला. साळूबाईने श्वास रोखला. महाराज नुसतं 'झटका' म्हणाले असते, तर सात जीव जमिनीवर आले असते.

"शास्त्रीबुवा सांगतील!" तरसरावांनी घुबडशास्त्रींना पुढे ढकललं. शास्त्रीबुवा समीक्षक होते. त्यांना दिवसा काही दिसत नसे, त्यामुळे त्यांची मतं ठाम असत. त्यांनी भोकाजवळ चोच नेली. आतून कोमट वारा आला. एक ओळखीचा वासही आला आणि शास्त्रीबुवांच्या तोंडाला पाणी सुटलं. हीच रसनिष्पत्ती, असं त्यांना वाटलं.

"महाराज, ही पोकळी श्वास घेते आहे! पन्नास वर्षांत मला असं काही झालं नव्हतं!"

महाराजांना काही कळलं नाही, म्हणून त्यांनी पहिलं बक्षीस जाहीर केलं. "हिला कोणी हलवायचं नाही. दोन बिबटे पहाऱ्याला ठेवा. शास्त्रीबुवांनासुद्धा जवळ जाऊ देऊ नका, फार हळवे होतात."

अशी ती सात पिल्लं बिबट्यांच्या पहाऱ्यात थंडीभर मजेत झोपली. साळूबाई रोज 'कलाकृतीची निगा' राखायला यायची. येताना भाकरी आणायची. होळीला पिल्लं चांगली केसाळ होऊन बाहेर पडली आणि बिबट्यांच्या पायांमधून पळाली.

साळूबाईला सत्काराची शाल मिळाली. तिने ती घरी नेऊन लगेच कापली. सशाच्या गोधडीला ठिगळं हवी होती.

पुढच्या वर्षी महोत्सवात बावीस गोधड्या आल्या. टाके एकीचेही धड नव्हते, पण भोकं सुरेख गोल होती. शास्त्रीबुवांनी प्रत्येकीत चोच घालून पाहिली आणि मान हलवली.

"कलेत आता पूर्वीचा रस राहिला नाही," ते म्हणाले.

तात्पर्य : बाळांनो, थंडीत ऊब हवी असेल तर गरजू होऊ नका, कलाकृती व्हा. गरजूला होळीपर्यंत थांबावं लागतं. कलाकृतीला लगेच दोन बिबटे मिळतात.