गोकुळाबाईची अर्धी बंदूक

गोकुळाबाई आमच्याकडे विस्तव मागायला यायची आणि बंदूक शिकवून जायची.

मी सोनाळ्याला नवी नवरी म्हणून आले तेव्हाची ही गोष्ट. मी चौथी पास होते, म्हणजे माझ्या मते बॅरिस्टरच. भाजीची वाडी करून वांगी-मिरच्या विकणाऱ्या शेजारणीकडून काही शिकण्यासारखं असतं, हे माझ्या डोक्यात मावत नव्हतं. डोकं लहान होतं. अंबाडा तेवढा मोठा होता.

पहिल्याच सकाळी चूल पेटेना. धुरानं रडकुंडीला आले. गोकुळाबाईनं माझ्या हातातून फुंकणी घेतली. म्हटलं, देवासारखी आली, आता पेटवून देते. कसलं काय!

"हे पाह्य. हे झाली नळी. इकडे बार उडते, तिकडून गोळी जाते. गोळीच्या मांगं दम, म्हंजे बाराची तापली हवा, धावते. नळीले एक सुराख हाय. थोडा दम त्यातून निंगते अन् नळीखालच्या दांड्याले मांगं ढकलते. दांडा रिकामी पुंगळी फेकते, नवी गोळी भरते. शिपायानं निस्ता घोडा दाबाचा. समजलं?"

"नाही."

"समजन. आता सांग, सुराख कुठं पाडाचा?"

हा तिचा लाडका प्रश्न. बाजारात कोथिंबिरीची जुडी बांधतानासुद्धा गिऱ्हाइकाला विचारायची. सुराख बाराजवळ पाडला तर दम ताजा, तापलेला. तो दांड्याला असा हाणतो की पुंगळी सैल व्हायच्या आत ओढाताण होते, हादरे बसतात, बंदूक लवकर झिजते. सुराख दूर नेला, दांडा लांब केला, की दम तिथवर येईस्तोवर निवतो. ढकलतो, पण मऊ. नागपूरच्या लाटसाहेबाला हे ठाऊक नसेल, आमच्या आळीतल्या बायकांना पाठ होतं. कोणी पटकन भडकली की सासूबाई म्हणायच्या, "आखूड बंदूक हाय थे." आणि मी नवऱ्यावर तोंड सोडलं की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "दांडा लांब घे वं माय!" भांडण तिथंच बसायचं. नवरा हसत सुटायचा, मी दोघांवर चिडायची.

हे सगळं तिला तिच्या नवऱ्यानं शिकवलं होतं. तो फौजेच्या कारखान्यात बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री. लग्नानंतर एकदाच सुट्टीवर आला. माणूस असा लाजाळू की नव्या बायकोशी काय बोलावं हे त्याला सुचेना. मग जे येत होतं तेच बोलला. सगळी सुट्टी फुंकणी हातात घेऊन बंदूक सांगितली.

"लोकायचे नवरे गजरे आनतेत," गोकुळाबाई खो खो हसायची, "माह्यानं सुराख आनला!"

निघायच्या दिवशी तिनं त्याला विचारलं होतं, सुराख पार नळीच्या तोंडाशी नेला तर? तो गाडीत बसता बसता म्हणाला, "थे पुढच्या सुट्टीत सांगतो."

पुढची सुट्टी आलीच नाही. लढाई संपली, फौजेत गेलेली गावातली बाकीची माणसं परतली. हा आला नाही, त्याचं पत्रही नाही. तिचे वडील दुसरं लग्न लावायचं म्हणून खेटे घालू लागले. दर वेळी तिचं एकच उत्तर, "बाबा, माही बंदूक अर्धीच शिकून झाली. पुरी झाल्याबिगर मी नाही येत."

वडील कपाळाला हात लावून जायचे. मी मात्र ते अक्षरशः खरं मानलं. चौथी पास ना! मला वाटलं, एवढंच अडलंय होय? मग बाकीची अर्धी मिळवून देऊ, बाईला मोकळी करू, लग्नात मिरवू. लुगडंसुद्धा मनात ठरवून ठेवलं होतं.

आणि नेमका माझा दादा फौजेतून सुटून मला भेटायला आला. त्याला ओसरीवर बसवलं, गोकुळाबाईला हाताला धरून आणलं आणि तिच्या वतीनं तोंडाशी नेलेल्या सुराखाचा तो राहिलेला प्रश्न मीच विचारून टाकला.

"एवढंच ना?" दादा म्हणाला. "लय सोपं हाय. गोळी एकदा सुराखाच्या पुढं गेली, का मंग..."

"थांबा, भाऊ!" गोकुळाबाई इतक्या जोरात ओरडली की दादाचा चहा बशीत सांडला. "सांगू नोका. मले ठाव हाय."

"ठाव हाय?" मी म्हटलं.

"हाव. वाडीत पानी सोडतो ना आपन? शेवटच्या वाफ्यात पानी शिरते न शिरते, तं इकडे मोट बंद होते. वाफा कोरडाच राह्यते. तसंच हाय थे. सुराख तोंडाशी असला, का दम आत शिरते न शिरते, तं गोळी भाईर. मांगचा सारा दम हवेत. दांडा जागचा हालत नाही. वाडीवाल्या बाईले एवढं समजत नसन काय?"

दादानं मान हलवली. तेच उत्तर होतं.

"मंग इतके दिवस बंदूक अर्धीच शिकली म्हनून काऊन सांगत होती वं?" मी जवळजवळ भांडायलाच उठले.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग दादाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "थे लाजाळू हायेत वं. दुसऱ्या कोनी सांगून देल्लं, तं घरी आल्यावर बोलाले त्यायच्यापाशी काय उरन?"