महाराजांचं धुकं मळलं

एका जंगलात एक तळं होतं. तळं होतं म्हणून थंडीत त्यावर धुकं पडायचं. धुकं पडायचं म्हणून तिथे एक फोटोग्राफर होता. आता फोटोग्राफर आला म्हटल्यावर त्या जंगलात कोणी सुखाने राहिलं असेल का, मुलांनो? नाही राहिलं. तीच गोष्ट सांगतो. मांडी घालून बसा आणि चुळबुळ करू नका.

हा फोटोग्राफर म्हणजे एक बगळा. नाव धवलराव. आधी तो साधासुधा बगळा होता. चांदरी नावाच्या म्हशीच्या पाठीवर बसायचा, तिच्या अंगावरचे गोचीड टिपायचा आणि पोट भरायचा. पुढे कुठूनसा त्याला एक कॅमेरा मिळाला आणि सिंहमहाराजांनी त्याला राजछायाचित्रकार करून टाकलं. तेव्हापासून गोचिडांचं नाव काढलं तरी तो चोच मुरडायचा.

कॅमेऱ्याच्या तिवईचा एक पाय मोडलेला होता. तिथे धवलराव स्वतःचा पाय लावायचा आणि दुसऱ्यावर उभा राहायचा. बगळ्याला काय, तशीही सवयच असते.

चांदरीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, बाकी सगळी काळीकुट्ट. ती रोज पहाटे तळ्यात उतरायची ती ऊन कलल्यावर बाहेर यायची. म्हशीला पाणी लागतंच. त्यात हसण्यासारखं काय आहे रे? तुला नाही का पंखा लागत? पाणी नसलं की म्हशीची कातडी तडकते, जीव कासावीस होतो.

एके दिवशी पलीकडच्या जंगलातल्या वाघाने सिंहमहाराजांना कॅलेंडर पाठवलं. बारा पानं, बाराही पानांवर वाघ. फक्त पौषाच्या पानावर वाघाच्या मागे तळं होतं, आणि तळ्यावर धुक्यातला सूर्योदय.

महाराजांनी ते पान तीनदा पाहिलं. मग शेपटी आपटली.

"हे धुकं बघा! दूध सांडल्यासारखं! आणि आपल्याकडे काय गोवऱ्यांचा धूर निघतो?"

"छे छे महाराज," कोल्हा प्रधान म्हणाला. "आपलं धुकं त्यांच्यापेक्षा कितीतरी सरस. फक्त फोटो नाही."

"धवलराव! आठ दिवसांत आपल्या तळ्याचा फोटो हवा. नाही मिळाला तर..." महाराजांनी वाक्य पुरं केलं नाही. नुसती ओठांवरून जीभ फिरवली.

दुसऱ्या दिवशी धवलराव झुंजूमुंजू होताच तळ्यावर गेला. काय ती पहाट, मुलांनो! पाण्यावर पांढरंशुभ्र धुकं, आणि त्यातून हळूहळू वर येणारा भाकरीएवढा सूर्य. आणि ऐन समोर, अर्धी चौकट अडवून, चांदरी.

"चांदरे, जरा सरक गं."

"कुठं सरकू रे बगळोबा? हितंच तळ घट्ट हाय. पुढं समदा गाळ."

सूर्य काही कोणासाठी थांबत नाही. धवलरावाने चोचीने खटका दाबला.

फोटो दरबारात आला. धुकं दुधासारखं, सूर्य लालबुंद, पाणी चमचमतंय. महाराजांच्या मिशा वर गेल्या, आणि लगेच खाली आल्या.

"धुकं फक्कड. पण ही काळी भिंत कसली?"

"भिंत नाही महाराज, म्हैस आहे."

"माझ्या धुक्यात म्हैस?" महाराजांनी फोटोचे टराटरा तुकडे केले. त्याच दुपारी हुकूम निघाला. चांदरीने तळं सोडून माळावर जावं. राज्याच्या सौंदर्याला तिची बाधा होते.

"अवं म्हाराज, पान्याबिगर मी मरंन की!" चांदरी रडकुंडीला आली.

"आठच दिवसांचा प्रश्न आहे, बाई," कोल्हा गोड आवाजात म्हणाला. असले हुकूम नेहमी आठच दिवसांचे असतात.

चांदरी माळावर गेली. चौकट मोकळी झाली. धवलरावाने खुशीत खटका दाबला आणि फोटो बघितला. धुकं करडं आलं होतं, चुलीतल्या राखेसारखं. सूर्यसुद्धा आजारी वाटत होता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

"अरे, माझं धुकं मळलं!" महाराजांनी डरकाळी फोडली. "धवलराव, तू तिथे होतास. खरं सांग, धुकं कसं होतं?"

आता बघा हं. महाराज, प्रधान, सगळा दरबार उन्हं डोक्यावर येईपर्यंत घोरणारा. खरं धुकं पाहिलेला एकटा धवलराव. त्याने स्वतःच्या दोन डोळ्यांनी ते पांढरं पाहिलं होतं. पण फोटोत करडं होतं, आणि कॅमेरा परदेशी होता.

"करडंच होतं, महाराज," धवलराव म्हणाला. मला तर अस्सा राग येतो त्याचा!

तेवढ्यात कोपऱ्यातलं म्हातारं कासव पुढे आलं. त्यानेही उमेदीत पुष्कळ फोटो काढले होते.

"अरे, धुक्याला काही झालेलं नाही. कॅमेरा हा भित्रा कारकून असतो. जास्त उजेड दिसला की त्याला वाटतं, एवढं पांढरं खरं असणारच नाही. मग तो आपल्या मनाने सगळं काळवंडून टाकतो. चांदरी समोर होती तोवर तिचा काळा रंग बघून त्याला धीर येत होता, म्हणून धुकं पांढरं आलं. आता त्याला सांगावं लागेल, बाबा रे, आज सगळंच पांढरं आहे, भिऊ नकोस, उजेड जास्त घे. तिथे एक चकती असते. ती दोन खाचा पुढे फिरवा, झालं काम."

दरबारात खसखस पिकली.

"म्हणजे यंत्र चुकलं आणि आपण बरोबर?" कोल्हा म्हणाला. "आजोबा, निवृत्त होऊन किती वर्षं झाली आपल्याला?"

चकतीला कोणी हात लावला नाही. त्याऐवजी समिती नेमली. समितीने दोन दिवसांत तीन बैठका घेतल्या, सतरा वेळा चहा घेतला आणि अहवाल दिला. म्हैस होती तेव्हा धुकं पांढरं होतं. म्हैस गेल्यावर करडं झालं. सबब म्हशीने जाता जाता सूडबुद्धीने धुकं मळवलं.

चांदरीला माळावरून धरून आणलं. पाच दिवसांत बिचारीची रया गेली होती. पाठीला भेगा पडल्या होत्या, भेगांवर माशा घोंगावत होत्या. कोल्ह्याने तिच्यापुढे माफीनामा ठेवला.

"गुन्हा कबूल कर. मग तळ्यात उभी राहून धुकं धुवून दे."

"खूर उमटवू नकोस, पोरी!" कासव कळवळून म्हणालं. "तू काहीसुद्धा केलेलं नाहीस!"

"म्हाईत हाय, आजोबा. पर ह्यो कागद दिला की मला पानी मिळतंय न्हवं?"

"मिळेल," कोल्हा म्हणाला.

"मग आना इकडं. आजोबा, तुमच्या पाठीवर कवच हाय. माझी कातडी उघडी हाय. ती उन्हानं फाटती, माफीनं न्हाई फाटत."

आणि तिने खूर उमटवला. कासवाने मान आत ओढून घेतली.

आठव्या दिवशी पहाटे चांदरी पाण्यात उतरली. त्याच जागी, कारण तिथेच तळ घट्ट होता. पाणी पाठीला लागल्याबरोबर तिने असा सुस्कारा टाकला की समोरचं धुकं हललं. धवलरावाने खटका दाबला.

धुकं पांढरंशुभ्र!

"बघा महाराज, कायद्याचा धाक!" कोल्हा ओरडला. दरबाराने टाळ्या पिटल्या. महाराजांनी मात्र फोटोवर पंजा ठेवला. "आणि ही?"

अर्धी चौकट पुन्हा चांदरीच होती. धवलरावाने डोळे मिटून घेतले. पण कोल्ह्याने शांतपणे कात्री मागवली आणि म्हैस कापून काढली.

काय रे, तुला काय विचारायचंय? पहिल्याच दिवशी कात्री का नाही आणली? हुशार आहेस. मग समिती कशाला नेमली असती, बाळा?

उरलेला फोटो अरुंद होता, पण दुधासारखा होता. तो वाघाला पाठवला. वाघ जळला म्हणतात. एक प्रत तळ्याकाठच्या वडावर लावली, खाली लिहिलं, 'महाराजांच्या कृपेने निर्मळ झालेलं धुकं'. आणि नवा हुकूम निघाला. चांदरीने रोज पहाटे तळ्यात हजर राहावं, न राहिल्यास शिक्षा.

चांदरी एकदा वडाखाली येऊन तो फोटो बघत राहिली.

"बगळोबा, ह्यात मी कुठं हाय?"

धवलरावाने फोटोच्या बाहेर, वडाच्या सालीवर चोच टेकवली. "तू इथे. फोटो संपतो ना, त्याला अगदी लागून."

"आन धुकं कोनी धुतलं म्हनत्यात?"

"महाराजांनी."

"बरं बाई," चांदरी म्हणाली आणि पाण्यात जाऊन बसली.

धवलरावाला कसंतरीच झालं. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणी बघत नाही अशी खात्री झाल्यावर तो गुपचूप तिच्या पाठीवर जाऊन बसला आणि गोचीड टिपू लागला. माळावरच्या पाच दिवसांत फार झाले होते.

तात्पर्य: मुलांनो, आपलं धुकं पांढरं यावं असं वाटत असेल तर डोळे उघडू नका आणि चकतीला हात लावू नका. एक म्हैस गाठा. तिला समोर उभी करा, तिच्याकडून माफी लिहून घ्या आणि कात्रीला धार लावून ठेवा.