आईच्या चादरीवरचे हंस

चष्मा शोधायला कुंदाताईंनी पर्स उघडली आणि हातातला स्टोल शेजारच्या टेबलावर ठेवला, एवढंच. चष्मा पर्सच्या तळाशी सापडेपर्यंत स्टोलभोवती माणसं जमून तो कुरवाळू लागली होती. कार्ल्सरूहेच्या संग्रहालयातल्या त्या टेबलावर ‘हात लावून पाहा’ अशी पाटी होती, पण जर्मनमध्ये.

प्रदर्शन मध्ययुगीन गुजराती छापील सुती कापडांचं होतं. लाकडी ठशांनी छापलेली ती कापडं शेकडो वर्षांपूर्वी जहाजांतून इजिप्तला गेली, आणि तिथल्या कोरड्या वाळूत त्यांचे तुकडे टिकून राहिले. काचेमागच्या एका तुकड्यावर निळ्या जमिनीवर पांढऱ्या हंसांची रांग होती. ताईंच्या स्टोलवरही अगदी तश्शीच. स्टोल म्हणजे त्यांच्या आईच्या चादरीचा उरलेला धड भाग. सुरतेहून आणलेली ती चादर नंदुरबारच्या घरी उन्हाळ्याच्या दुपारी ओटीवर अंथरली जायची. कुंदा आणि धाकटी प्रभा आपापले हंस वाटून घेऊन तिच्यावर लोळायच्या, आणि प्रभा झोपेत हटकून कुंदाच्या हंसांवर यायची. आता प्रभाही राहिली नव्हती.

ताईंनी स्टोल उचलला, तसा एक उंच रखवालदार पुढे आला. हात लावा, न्यायचं नाही, असं त्याने खुणेने बजावलं. लेक मैथिली खाली कॉफीच्या रांगेत होती. दुभाषी म्हणून राहिली आठ वर्षांची नात, अन्वी.

“त्याला सांग, हे माझ्या आईचं आहे.”

अन्वीने जर्मनमध्ये प्रामाणिकपणे सांगितलं, की हे माझ्या पणजीचं आहे. रखवालदाराचा चेहरा गंभीर झाला. प्रदर्शनातलं इतकं जुनं कापड उघड्यावर कुणी ठेवलं, असं पुटपुटत त्याने हातमोजे चढवले, लोकांना मागे सारलं आणि स्टोल दोन्ही हातांवर अलगद घेऊन तो आत निघाला.

आता हे काचेमागे जाणार, या धास्तीने ताईंनी त्याच्या कोटाची बाहीच धरली. तो वळला, आणि त्याची नजर टेबलावर गेली. स्टोलखाली झाकला गेलेला संग्रहालयाचा नमुना तिथे तसाच होता, कोरा, खळ घातलेला. रखवालदार कानापर्यंत लाल झाला. त्याने स्टोलची नीट घडी करून ताईंच्या हातात दिली.

लोक पुन्हा पुढे आले. एका वृद्ध बाईंनी त्या कडक नमुन्यावर बोट फिरवलं, लगेच हात काढला आणि ताईंच्या घडीकडे पाहत राहिल्या. ताईंनी थोडा वेळ तिकडे लक्षच दिलं नाही. मग घडी उलगडून स्टोल टेबलावर पसरला.

मैथिली कॉफी संपवून वर आली, तेव्हा आई रखवालदाराच्या खुर्चीवर ऐसपैस बसली होती. त्या वृद्ध बाईंनी टेबलाशी बसून स्टोलवरच्या हंसांना गाल टेकवला होता, आणि रखवालदार मुद्दाम छताकडे पाहत होता.

“आई, चल ना, उशीर होतोय.”

“थांब जरा,” ताई हलक्या आवाजात म्हणाल्या. “आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.”