गुळपोळीची चौकशी

अंबादासला नोकरीवरून काढायचं, पण न्यायाने काढायचं, असं खुराना साहेबांनी ठरवलं आणि ते काम वृंदाच्या टेबलावर येऊन पडलं.

पूर्वी गाझियाबादच्या त्या कारखान्यात हे चार शब्दांत उरकायचं. "कल से मत आना." पण कंपनीने जर्मन भागीदार घेतला आणि नव्या यंत्रांसोबत तिकडून एक जाडजूड नियमपुस्तकही उतरलं. आधी आरोपपत्र, मग लेखी उत्तर, पुरावा, साक्ष, आणि सगळ्यात शेवटी निर्णय. वृंदा पर्सोनेल खात्यातली, अंबादाससारखीच मराठी. म्हणजे नंतर त्याला काही समजलं नाही असं म्हणायची सोय नाही.

आरोप साधा होता. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी अंबादास टेलिफोन बोर्डावर डोकं टेकून झोपला, आणि जर्मनीचा फोन वाजून वाजून गप्प झाला. खुराना साहेबांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

अंबादासचं उत्तर सुवाच्य अक्षरात आलं. दिल्लीत मुनिरक्याच्या खोलीत पाच वर्षं कलेक्टर व्हायची तयारी केलेला माणूस. कलेक्टरी हुकली, अक्षर राहिलं. त्याने लिहिलं होतं की सदर दिवशी चौकशी अधिकाऱ्यांनी स्वतः दिलेल्या गुळपोळ्या, नग तीन, तुपासह ग्रहण केल्या. त्यांत खसखस होती. पुढचं आठवत नाही.

वृंदाने जीभ चावली. सात महिन्यांच्या अवनीला कडेवर घेऊन तिने त्या पोळ्या लाटल्या होत्या. खसखस किती पडली कुणास ठाऊक. अवनीच्या जन्मापासून तिला सलग दोन तास झोप नव्हती. ती साहेबांकडे गेली. आपणच साक्षीदार झालो, चौकशी दुसऱ्या कुणाला द्या, असं तिने सुचवलं. दुसरं कोण आहे, म्हणाले ते.

परतताना अंबादास जिन्यात भेटला. "ताई, दोन खोल्या बघून ठेवल्यात. होळीनंतर बायको यायचीय गावाहून, चंद्रप्रभा. जरा सांभाळून घ्या."

"सांभाळून नाही घेता येणार, अंबादास. नीट ऐकून मात्र घेईन."

सुनावणीच्या दिवशी वीज गेली. बैठकीच्या खोलीत हाडं गोठायची पाळी आली, तेव्हा जन्मभर दिल्लीत राहिलेल्या खुराना साहेबांना एकच उपाय सुचला. तिन्ही खुर्च्या गच्चीवर उन्हात नेल्या. बोर्डावर बसणारा एकुलता एक माणूस आपण आरोपी म्हणून वर आणलाय, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

वृंदाने उत्तर वाचून दाखवलं. साहेब हसले. "रोटी खाके भी कोई सोता है?"

नियमपुस्तकाप्रमाणे बचावाचा पुरावा तपासायला हवा होता. वृंदाच्या डब्यात उरलेल्या पोळ्या होत्याच. साहेबांनी अंबादासला खोटं पाडण्यासाठी तीन खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं. माणसाला एकट्याला कसं खायला घालायचं म्हणून वृंदाने एक घेतली. अंबादासने पुराव्याला हात लावला नाही.

माघातलं ऊन पाठीवर धुतलेल्या दुपट्यासारखं पडलं होतं. खाली कुणीतरी संत्रं सोलत असावं. वास वरपर्यंत येत होता. धुक्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या नव्या इमारती दूरवर तरंगत होत्या, आणि त्यांच्यामधून अवनी रांगत येत होती, अजिबात न रडता. वृंदाने तिला घ्यायला हात पुढे केले. हातातलं पेन कुठे गेलं ते तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. तिच्या अंगावर अंबादासचा मफलर होता. समोर खुराना साहेब तोंड उघडं टाकून घोरत होते.

"खाली रिंग ऐकू आली, म्हणून पळत गेलो. जर्मनीचा फोन होता," अंबादास हळूच म्हणाला. "म्हटलं, चौकशी चालू आहे, साहेब मधून उठू शकत नाहीत. नियम पाळताय हे ऐकून तिकडचे लोक खूश झाले."

आवाजाने साहेबांचे डोळे उघडले. अंबादासने कागद पुढे केला. इतिवृत्त त्यानेच पुरं केलं होतं: 'दोन ते साडेतीन, चौकशी अधिकारी व साक्षीदार विचारमग्न.' वृंदाने त्याचा अर्थ हिंदीत सांगताच साहेबांचा हात घाईने सहीकडे गेला.

वृंदाने मात्र पेन शोधलं. 'विचारमग्न' खोडून तिथे लिहिलं, 'झोपले होते.' खाली स्वतःची सही केली आणि कागद साहेबांकडे सरकवला.

"सर, तो तीन आरोपपत्र टाइप करूँ? तीनों के नाम?"

साहेबांनी ओठावरचं तूप पुसलं. मग म्हणाले, "वॉर्निंग दे दो। सबको।"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वृंदा गच्चीकडे निघाली. अंबादासने बोर्डावरून मान वर केली.

"ताई, सुट्टी पाऊण तासाची. संपायला पाच मिनिटं असताना उठवतो. तोवर तुमचा फोन आला तर?"

"चौकशी चालू आहे म्हणा," वृंदा म्हणाली आणि जिना चढू लागली. गच्चीचं दार तिने ढकललं. खुराना साहेबांची खुर्ची आधीच उन्हात होती.