माणिकरावांचं आडवं-उभं

आमच्या घरी येणाऱ्या इंग्रजी पेपरला रोज सकाळी भोक पडत असे. चौकोनी, स्वच्छ, कडा अगदी सरळ. भोक पाडणारे गृहस्थ म्हणजे शेजारचे माणिकराव. फाटक उघडून येत, "वहिनी, कोडं?" एवढंच म्हणत, आणि उत्तराची वाट न बघता खिशातून कात्री काढत. शब्दकोडं कापून झालं की उरलेल्या पेपरची घडी घालून अदबीने माझ्या हातात देत. जणू पेपर त्यांचा आणि उपकार माझ्यावर.

मला सगळं जागच्या जागी लागतं, हे तुम्हा नातवंडांना ठाऊक आहे. लग्न होऊन हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या त्या घरी आले, तेव्हा पहिल्याच सकाळी एक परका पुरुष माझा न वाचलेला पेपर कापताना पाहून मी दारातच थिजले. तुमचे आजोबा म्हणाले, "होईल सवय." झाली नाही. एखाद्या मंत्र्याचं भाषण ऐन रंगात येई आणि पुढच्या ओळीऐवजी भोकातून मला अंगणातलं तुळशीवृंदावन दिसे.

माणिकराव मूळचे परभणीकडचे. शाळा सगळी उर्दूतून झालेली. जुन्या हैदराबाद सरकारच्या एका खात्यात कारकून. इंग्रजी ते शिकले फक्त कोड्यातून. त्यामुळे रजेचा अर्ज त्यांना लिहिता येत नसे, तो मी लिहून देई. पण पेरूची राजधानी, एस्किमोचं घर, ऑस्ट्रेलियातला न उडणारा पक्षी हे सगळं जिभेवर. "तुम्हाला हे कसं माहीत?" असं कुणी विचारलं, की छाती फुगवून म्हणत, "कोड्यात आलं होतं."

त्यांच्या शेळीचं नाव एटना. हा इटलीतला ज्वालामुखी. कोड्यात वारंवार येतो. शेळी धार काढताना लाथ मारून भांडं उडवायची, म्हणून हे बारसं. "एटना, खामोश!" असं ते अंगणात ओरडले की माझ्या हातातला चहा हिंदकळे.

आणि लग्नातला तो प्रसंग! आमच्या पुतणीचं लग्न, पंगत बसलेली. माणिकराव नवऱ्या मुलाच्या शेजारी. एकाएकी त्याला म्हणाले, "जावईबापू, एक किडा असतो बघा. हिरवा, हात जोडल्यासारखा बसतो. त्याची बायको लग्न लागलं की नवऱ्याला खाते. डोक्यापासून सुरुवात." नवरीच्या आईच्या हातातली जिलबी ताटाबाहेर पडली. त्यांची बायको सुभद्राबाई वाढता वाढता कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, जेवा की मुकाट्यानं!" माणिकराव दुखावले. "मी कुठे मनाचं सांगतोय? कोड्यात आलं होतं."

पण मला सर्वांत मोठा धक्का बसला तो वेगळाच. कापलेलं कोडं ते खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवत आणि सकाळी फक्त आडवे शब्द भरत. उभ्यांना हात लावत नसत. मधली घरं रिकामी ठेवून पुठ्ठा डब्याच्या पिशवीत घालत आणि ऑफिसला जात. अर्धवट काम मला बघवत नाही. एकदा म्हटलं, "उभे येत नाहीत वाटतं?"

"उभे माझे नाहीत, वहिनी," ते म्हणाले. "उभे नरसय्याचे."

नरसय्या त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा तेलुगू कारकून. दुपारच्या सुट्टीत पुठ्ठा त्याच्याकडे जाई आणि तो हिरव्या पेन्सिलीने उभे शब्द भरी. संध्याकाळी कोडं पुरं होऊन घरी येई. त्याचं उभं बरोबर आलं तरच यांचं आडवं टिकायचं. दोघांची दोस्ती खात्यात प्रसिद्ध होती.

मग राज्य पुनर्रचनेचे दिवस आले. आपलं हैदराबाद राज्य भाषेवरून तीन ठिकाणी वाटलं जाणार, तेलुगू भाग इथेच, कन्नड म्हैसूरला, मराठी मुंबई राज्यात, अशी चर्चा जवळच्या कोठी भागातल्या प्रत्येक दुकानात चालू होती. एक दिवस चहा पिताना नरसय्या गमतीत म्हणाला, "अब तुम लोगां तुम्हारे मुलुक को जाते, मियाँ." माणिकरावांनी कप खाली ठेवला. "मेरा मुलुक येइच है," म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. हे मला सुभद्राबाईने भाजी निवडताना सांगितलं. "पण पुठ्ठा जातो हो रोज," ती म्हणाली. "हे न बोलता त्याच्या टेबलावर ठेवतात. तो न बोलता भरून देतो."

मी थक्क झाले. दोन मोठी माणसं!

आणि मग ती बातमी छापून आली. ज्या मराठी कर्मचाऱ्यांना हैदराबादेतच राहायचं असेल त्यांनी मुदतीच्या आत अर्ज करावा, अशी. साऱ्या शहराने ती वाचली. आम्ही वाचली नाही, कारण आमच्या पेपरात तिथे भोक होतं. माणिकरावांनी वाचली नाही, कारण ती नेमकी कोड्याच्या पाठीमागे होती आणि त्यांनी ती स्वतःच्या हाताने खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवली होती. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, त्यांना ठाऊकच असेल. ज्याने हमखास सांगितलं असतं, तो एकटा त्यांच्याशी बोलत नव्हता.

मुदत टळली. मुंबईला पाठवायच्या लोकांत माणिकरावांचं नाव लागलं. तेव्हा कुठे हे उघडकीला आलं. तुमच्या आजोबांनी ओळखीच्या अधिकाऱ्यांना भेटून पाहिलं. उशीर झाला होता. मी संतापून म्हटलं, "माणिकराव, एकदा पलटून तरी बघायचं!"

त्यांनी कात्री मिटून खिशात टाकली. मग म्हणाले, "वहिनी, मुंबईच्या पेपरात हे कोडं येत नसेल ना?"

माणसाचं घर सुटतंय, गाव सुटतंय, आणि हा कोड्याचं विचारतो!

नामपल्ली स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो. ट्रंका, वळकट्या, रडणारी सुभद्राबाई. माणिकराव खिडकीशी बसलेले. फलाटाच्या खांबाआड एक उंच, काळासावळा माणूस उभा होता, छातीशी पुठ्ठा धरून. मी ओळखलं. जवळ जाऊन म्हटलं, "नरसय्या ना तुम्ही? जाऊन बोला की."

त्याने मान हलवली. "नक्को, अम्मा. मैं मजाक करा, उनो दिल पे लेलिए. रहने का अर्जी भी नहीं दिए. जाना इच था उनको."

"कसलं जाना इच था!" मी म्हणाले. फलाटावर मोठ्याने बोलण्याची मला सवय नाही, पण त्या दिवशी बोलले. "अर्जाची बातमी कोड्याच्या मागे छापली होती. त्यांनी खळ लावून चिकटवून टाकली!"

नरसय्या खांबाआडून पुढे आला. "खळ?"

"हो, खळ! गव्हाच्या पिठाची!"

गाडीने शिटी दिली. तो माणूस धावत खिडकीशी गेला. किती महिन्यांनी तोंड उघडलं आणि उघडलं ते असं: "अरे पागल आदमी! पलटा के तो देखना था!" आणि पुठ्ठा गजांमधून आत सरकवला. त्या दिवशीचं कोडं होतं. या वेळी उभे आधी भरलेले, आडवे रिकामे.

माणिकरावांनी चष्मा लावला. गाडी हलली. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि ओरडले, "पैले तेरा वो तीन खडा देख! गलत है!"

"सही है!"

"गलत है, मियाँ! मेरा सात आडा कैसा बैठता?"

"बैठता! तू बिठा!"

नरसय्या फलाटाच्या टोकापर्यंत ओरडत धावला. गाडी दिसेनाशी झाली तरी "सही है, सही है" चाललंच होतं. मग तो खाली बसला आणि धोतराच्या सोग्यात तोंड लपवून रडला. लोक बघत होते. मी छत्री उघडून त्याच्या बाजूला आडोसा धरून उभी राहिले. दुसरं काय करावं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. दारात नरसय्या. हातात दोरी, दोरीला एटना. जाण्याआधी माणिकराव तिला बेगम बाजारातल्या कुणाला तरी देऊन गेले होते; तिथून हा तिला सोडवून घेऊन आला होता. दुसऱ्या हातात दुधाचा तांब्या होता. तो त्याने ओट्यावर ठेवला.

"अम्मा, पेपर?" तो म्हणाला. "खडे भर के मुंबई भेजतूं. आडे उनो भरते."

पेपर अजून माझ्या हातात होता. पहिलं पानसुद्धा उलगडलं नव्हतं. नरसय्या खिसे चाचपू लागला. कात्री आणायला विसरला होता.

मी आत गेले आणि माझी शिवणाची कात्री आणून त्याला दिली. पाठीमागे काय छापलंय, ते मी पाहिलं नाही.