चारच्या उन्हातलं पाऊल

भिंगरी पलंगाचा काठ सोडून उभी राहिली. कशालाही न धरता, पोट पुढे काढून, एखाद्या छोट्या इन्स्पेक्टरसारखी. तिच्या आईने हळूच फोन उचलला आणि तिथेच घोडं अडलं. भिंगरीने फोन पाहिला, मटकन खाली बसली आणि भरधाव रांगत फोनकडे निघाली. चालण्यापेक्षा रांगून लवकर पोचता येतं, हे तिला चालायला येण्याआधीच कळलं होतं.

“गेलं!” आजी म्हणाली. “आत्ता टाकलं असतं पाऊल. तुझ्या त्या डबड्याने घात केला.”

भिंगरी जन्मल्यापासून या घरातली जुनी नावं मोडीत निघाली होती. सासूबाईंची आजी झाली, सासऱ्यांचे आजोबा झाले, धाकट्या दिराचा काका झाला. आजोबा तर स्वतःच्या बायकोलाही आजी म्हणायचे, आणि तिने त्यावर टाकलेल्या कटाक्षाकडे काणाडोळा करायचे.

बाबा मात्र घरात नव्हता. तो खूप दूर, एका रुंद नदीवरच्या पुलाच्या कामावर होता. भिंगरी पालथी पडली तेव्हा तो नव्हता, बसायला लागली तेव्हा नव्हता, रांगली तेव्हाही नव्हता. “पहिलं पाऊल तेवढं मला दाखव,” एवढंच त्याचं मागणं होतं.

आई त्याला व्हिडिओ पाठवायची, नाही असं नाही. पण बसण्याच्या व्हिडिओत भिंगरी खांद्यापर्यंतच आली होती, आणि रांगण्याच्या व्हिडिओत एक काळा ठिपका अंधारातून निघून अंधारात गेला होता. “छान आहे,” बाबा म्हणाला होता. मग जरा थांबून, “ही आपलीच ना?” आईला त्यावर खूप हसू आलं होतं, आणि नंतर भांडी घासताना रडू. त्याच दिवशी तिने ठरवलं होतं, पहिलं पाऊल असं टिपायचं की त्याला तिच्या पायाच्या बोटांची नखंसुद्धा दिसली पाहिजेत.

काका चष्म्याच्या दुकानात कामाला होता. काच हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय. त्याने वहिनीचा फोन उलटा केला आणि लेन्सकडे बघून डोळेच मिटले.

“वहिनी, ही लेन्स आहे की तव्याचा तळ? भिंगरीची लाळ आहे, पावडर आहे, आणि हे काय आहे देव जाणे.”

“वरणाचं…” आई म्हणता म्हणता थांबली. “पूस ना तू. बोलतोस काय नुसता.”

काकाने खिशातला मऊ रुमाल काढला आणि पुसता पुसता प्रवचन सुरू केलं. फोन आडवा धरायचा. झूम करायचं नाही, आपणच जवळ जायचं. हात हलू द्यायचा नाही. पोराचा व्हिडिओ उभ्याने नाही काढायचा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर उतरायचं. “आणि मुख्य म्हणजे उजेड. तो आपल्या पाठीमागे हवा. तू दर वेळी खिडकीकडे तोंड करून काढतेस, म्हणून पोरगी कोळशासारखी येते.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस का?”

तर उजेड. त्या घरात चांगला उजेड एकाच खिडकीतून, चारच्या सुमाराला यायचा, आणि त्या खिडकीशी आजोबांचं शिलाईचं मशीन होतं. आजोबा शिंपी. आयुष्यभर त्यांनी लोकांची मापं घेतली होती, पण मशीन हलवण्याचा विषय निघाला की ते कुणालाच मोजत नसत.

“मशीन हलणार नाही.”

“अहो आजोबा, एक दुपार फक्त,” आई म्हणाली.

“सुईत दोरा काय अंधारात ओवू?”

“तुमच्या लेकाला नातीचं पाऊल दिसायला हवंय,” आजी आतून म्हणाली. “तुमचा तो दोरा एक दिवस थांबला तर काय कुणी उघडं फिरणार आहे?”

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ही त्यांची हार मान्य करायची रीत होती. मशीन सरकलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसलं. त्यामुळे आजीला आत-बाहेर करायला अंग तिरकं करावं लागू लागलं. तिरकं झाल्यावर तिचा पदर चाकात अडकू लागला, आणि पदर अडकला की ती लेकाच्या पुलाला, काकाच्या चष्म्यांना आणि आजोबांच्या साऱ्या धंद्याला एका दमात काय काय बोलू लागली.

पण खिडकी मोकळी झाली. ऊन आलं, ते जरा जास्तच आलं. भिंगरीने डोळे किलकिले केले.

“कडक आहे,” काका म्हणाला. “गाळून घ्यायला हवं.”

इथे आजोबांना एकदम रस आला. उजेड गाळायचा म्हटल्यावर त्यांच्यातला कारागीर जागा झाला. त्यांनी कपाटातून पांढऱ्या अस्तराचं कापड काढलं, बोटांत धरून उजेडात पाहिलं आणि खिडकीवर ताणून बसवलं. खोली दुधात बुडाल्यासारखी झाली. भिंती, गादी, भिंगरीचे गाल, सगळ्यांवर तोच सायीसारखा मऊ प्रकाश. वाऱ्याने अस्तर फुगायचं आणि हळूच मावळायचं, जणू खोलीच श्वास घेत होती. आई क्षणभर तशीच उभी राहिली. हीच ती खोली, जिथे ती रोज लंगोट वाळत घालते, हे तिला खरंच वाटेना.

आता राहिला फोन. तो हलता कामा नये आणि भिंगरीला दिसता कामा नये. काकाने डबा सुचवला, आजीने उशी सुचवली. आजोबा मात्र कपडे चढवून बघायचं आपलं कापडी धड घेऊन आले. बिनडोक्याचं, बिनहातांचं, पण छाती भरदार. ते त्यांनी दांड्यावरून उतरवून खिडकीखाली, उजेडाकडे पाठ करून, जमिनीवर ठेवलं. छातीवर खिसा शिवला आणि खिशाला बरोबर लेन्सच्या जागी एक काज केलं. गोल, नीटस, कडेने रेशमी दोऱ्याने बांधलेलं.

“फोनला काज!” काका म्हणाला. “आजोबा, हे आमच्या दुकानातसुद्धा मिळत नाही.”

“बटण लावू का वर?” आजोबांनी गंभीरपणे विचारलं.

भिंगरी दुपारची झोपली होती. झोपेतून उठली की तिचा मूड सगळ्यांत चांगला असे, तेव्हाच ती धीटपणे उभी राहायची. तिला खिडकीसमोरच्या गादीवर ठेवलं. काकाने फोनच्या चौकटीत सगळं नीट बसतंय का हे बाबालाच विचारायचं ठरवलं. आईने व्हिडिओ कॉल लावला, मागचा कॅमेरा सुरू केला आणि फोन खिशात सरकवला. पडदा धडाच्या छातीकडे, लेन्स काजातून बाहेर.

“दिसतंय का?” तिने धडाच्या छातीशी वाकून विचारलं.

“अगं, काय दिसतंय!” धडातून बाबाचा आवाज गरजला. नदीवरच्या वाऱ्यात बोलून बोलून त्याला हळू बोलणं जमेनासं झालं होतं. “तिच्या पापण्या दिसतायत! जरा डावीकडे घ्या! हां! अरे, आजोबांचा पाय काढा!”

भिंगरी झोपेत दचकली. ओठ थरथरले.

“श्श!” चौघं एकदम म्हणाले. आईने खिशात बोटं घालून आवाज बंद केला. “डोळे भरून बघ आणि तूच कॉल बंद कर,” ती काजाला म्हणाली. “मग मी रेकॉर्डिंग लावते. आता हिला परत निजवते.”

“बघू दे त्याला जरा,” आजी म्हणाली. “आपण बसू इथेच. कुणी डुलक्या काढायच्या नाहीत हं. डोळ्यांत तेल घालून बसायचं.”

आता या घराची एक खोड होती. भिंगरीला निजवायला जो गाणं म्हणे, तोच आधी झोपे. आजोबा तर पहिल्या ओळीतच जायचे. एकेकट्याने म्हणताना त्याने काही बिघडत नसे. पण त्या दुपारी भिंगरी चुळबुळली, आईने थोपटत गुणगुणायला सुरुवात केली, आजीने खालच्या आवाजात साथ धरली, काकाने नुसतं हुं हुं केलं, आणि आजोबा सवयीने तालावर मान हलवू लागले. अस्तर फुगलं, मावळलं. पुन्हा फुगलं. उन्हातले धुळीचे कण कुठेही जायची घाई नसल्यासारखे तरंगत होते. कुठेतरी लांब कुणी बादली घासत होतं, तो आवाजही मऊ होत होत विरला. कोण आधी झोपलं, ते कुणालाच सांगता येणार नाही.

आई जागी झाली तेव्हा ऊन भिंतीवर चढून गुळचट पिवळं झालं होतं. आजोबा बसल्या बसल्या घोरत होते. काकाचं डोकं आजीच्या मांडीवर होतं. गादी रिकामी होती.

“भिंगरी!”

भिंगरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. कापडी धडाच्या गळ्यात हात टाकून बसली होती आणि आजोबांची मापाची टेप चघळत होती. आईने तिला उचललं, पापे घेतले, आणि मग तिला फोनची आठवण झाली.

खिशातून फोन काढला तर पडद्यावर बाबा होता. कॉल त्याने बंद केलाच नव्हता. डोळे लाल, ओठ भराभर हलत होते, आवाज मात्र नाही. त्याच्या मागे हेल्मेट घातलेली चार-पाच माणसं दाटीने उभी होती आणि सगळी टाळ्या वाजवत होती. आईने घाईघाईने आवाज सुरू केला, कॅमेरा आपल्याकडे वळवला.

“…घसा फुटला ओरडून! कुणी ऐकेल तर शपथ! चालली! अगं, ती चालली! गादीपासून इथपर्यंत!”

“काय?” आजी उठून बसली. काकाचं डोकं जमिनीवर आपटलं.

“उठली, इकडेतिकडे बघितलं, तुम्ही सगळे गाढ. मग निघाली. आजोबांच्या पायावरून ओलांडून गेली!”

“माझ्या?” आजोबा जागे होत म्हणाले. “मला वाटलं मांजर आहे.”

काकाने हळूच विचारलं, “वहिनी, रेकॉर्डिंग?”

“कॉल चालू होता,” आई म्हणाली.

एवढा उजेड गाळला, काज केलं, मशीन दारात नेऊन बसवलं, आणि ज्याला दिसत नव्हतं त्या एकट्याला सगळं दिसलं. जे हाताच्या अंतरावर होते ते घोरत होते. आईने भिंगरीच्या केसांत नाक खुपसलं. तिथे दुधाचा आणि झोपेचा वास होता.

“कशी चालली रे?” तिने विचारलं. “सांग ना.”

“कशी म्हणजे… छान चालली.”

“छान म्हणजे कशी? आधी कुठला पाय टाकला?”

बाबा गडबडला. “उजवा… बहुतेक.”

“डावा, डावा!” मागून एक हेल्मेट ओरडलं.

“काहीतरी काय? उजवाच. मी नीट बघत होतो,” दुसरं हेल्मेट म्हणालं.

“अरे, पोरगी त्याची, साक्षी तुम्ही काय देताय?” आजी म्हणाली. “तू करून दाखव बघू.”

“मी?”

“मग काय मी?”

बाबाने फोन शेजारच्याच्या हातात दिला. मग तो आडदांड, दाढी वाढलेला माणूस वाळूच्या ढिगाशी जाऊन उभा राहिला. त्याने दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले, पोट पुढे काढलं, चिखलाने भरलेला बूट उचलला. डुलला. टाकला. दुसरा उचलला. चेहऱ्यावर भिंगरीचंच ते आश्चर्य, की अरे, जमीन अजून आहे! तो तसाच चालत आला आणि शेवटी वाळूत धपकन बसला.

आजोबा चष्मा काढून डोळे पुसू लागले. आजी हसता हसता काकाला मारत होती. आईला हसू येत होतं आणि पाणीही.

आणि भिंगरी! तिने आईच्या मांडीवरून पडद्यातला तो वेडा माणूस पाहिला आणि खळखळून हसली. तिला हे काम चांगलंच माहीत होतं. ती मांडीवरून घसरली, धडाला धरून उभी राहिली, दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले.

“वहिनी!” काका कुजबुजला. “कॉल कट कर! रेकॉर्ड! उजेड आहे अजून!”

आईने फोन जमिनीवर ठेवून दिला. दोन्ही हात पसरले.

फोन तिथेच, बाजूलाच पडला होता. भिंगरीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने पाय उचलला. तो डावा होता. पिवळ्या उन्हात एक पाऊल, मग एक, मग एक तिरकं, आणि मग ती सगळीच्या सगळी आईच्या कुशीत येऊन कोसळली.

खोलीत एकच आरडाओरडा झाला. मग जमिनीवरूनही आवाज आला.

“अरे, काय झालं? कोण ओरडलं? मला काही दिसत नाहीये! नुसतं छत दिसतंय!”

काकाला राहवलं नाही. तो फोनवर वाकून म्हणाला, “पण क्लिअर दिसतंय ना?”

“एकदम क्लिअर! कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळंसुद्धा दिसतंय!”

आजी हसता हसता थांबली, डोळे पुसले आणि वर बघत म्हणाली, “कुठल्या कोपऱ्यात?”